गर्भपिशवीचे अस्तर पातळ, दोष कोणाचा?

गेल्या वर्षी पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत करंजाचे एक जोडपे पनवेलला माझ्याकडे आले. नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, बायको उरणच्या बाजारात मासळी विकणारी. लग्नाला नऊ वर्षे झालेली. चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने त्यांना माझे नाव सांगितले होते. "वकीलसाहेब, आमाला संमतीनं घटस्फोट पायजे," एवढे बोलून नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. मी नेहमीप्रमाणे विचारले, वेगळे राहायला लागून वर्ष झाले का? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब ला ते लागते. त्यावर बाई म्हणाली, "वेगळं कुठं? एकाच खोलीत राहतो. आजची भाकर पण मीच बांधून आणलीय."

मग भांडण कशाचे? भांडण नव्हतेच. तिने थैलीतून एक जाडजूड फाईल काढून टेबलावर ठेवली. मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या एका खाजगी केंद्राची ती फाईल होती. केंद्राचे नाव येथे देत नाही. दोन वर्षांत त्यांचे चार लाख ऐंशी हजार रुपये त्या फाईलमध्ये गेले होते. त्यात तिचे सोने होते, बचत गटाचे कर्ज होते आणि नाखव्याकडून घेतलेली उचल होती. तीन सोनोग्राफीच्या कागदांवर लाल शाईने तीन आकड्यांना गोल केलेले होते : ५.४, ५.९, ५.६. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहिले होते की गर्भपिशवीचे अस्तर पातळ आहे, सरोगसीचा विचार करावा. सासूने मात्र दुसऱ्या सुनेचा विचार केला होता, आणि बाईने स्वतःच तो मान्य करून टाकला होता. "दादा, माझी पिशवीच पातळ आहे. त्यांचं कशाला वाटोळं करू?" अशा शब्दांत तिने स्वतःविरुद्ध निकाल देऊन टाकला होता. वकील म्हणून मी पुष्कळ कबुलीजबाब वाचले आहेत. पण न केलेल्या गुन्ह्याचा इतका शांत कबुलीजबाब क्वचितच ऐकला.

आपल्या पानांवर अत्याचाराच्या बातम्या येतात, आरक्षणाच्या येतात, गायरान जमिनीच्या येतात. बाईच्या पिशवीचा विषय आपण घरातला, खाजगी, डॉक्टरचा म्हणून सोडून देतो. त्या दोघांची परवानगी घेऊन आणि नावे न देता मी आज त्याच विषयावर लिहितो आहे, कारण ती फाईल वाचल्यावर माझी खात्री झाली की हा विषय जितका डॉक्टरचा आहे तितकाच चळवळीचा आहे.

आधी हे अस्तर म्हणजे काय ते समजून घेऊ. गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला एक मऊ थर असतो. पाळीनंतर तो तीन-चार मिलिमीटरचा असतो. स्त्रीबीज तयार होत असताना शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तो वाढत जातो आणि महिन्याच्या मध्याला साधारण आठ ते बारा मिलिमीटर होतो. गर्भ राहिला तर तो या थरात रुजतो. गर्भ राहिला नाही तर हाच थर पाळीच्या रूपाने बाहेर पडतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीज आणि पुरुषाचे बीज प्रयोगशाळेत एकत्र आणून भ्रूण तयार करतात. तो लगेच किंवा गोठवून ठेवून नंतर बारीक नळीने पिशवीत सोडतात. सोडण्यापूर्वी सोनोग्राफीत अस्तर मोजतात. ते सातपेक्षा कमी भरले तर बहुतेक डॉक्टर त्याला पातळ म्हणतात आणि भ्रूण सोडणे पुढे ढकलतात. पुढे ढकलण्यात तत्त्वतः चूक काही नाही. पेरा करण्यापूर्वी शेतकरी ओल बघतोच. शिवाय भ्रूण आता चांगल्या प्रकारे गोठवून ठेवता येतात, त्यामुळे घाई करून ते वाया घालवण्याचे कारण उरलेले नाही.

पण सात हा आकडा म्हणजे काही कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. अस्तर पातळ असेल तर गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते, ती शून्य होत नाही. सहा, साडेपाच अस्तरावरही मुले झालेली आहेत. तोच थर एकाने मोजला तर ५.८ येतो आणि दुसऱ्याने मोजला तर ६.३. करंजाच्या या बाईला कोणी हे सांगितलेच नव्हते. तिला सांगितले गेले ते एवढेच की सात आले नाही तर काही होणार नाही. सात येण्यासाठी आधी गोळ्या दिल्या, मग गोळ्यांचा डोस वाढवला, मग पुरुषांच्या दुर्बलतेवर म्हणून सर्वांना माहीत असलेले सिल्डेनाफिल हे औषध दिले. ते रक्तपुरवठा वाढावा म्हणून अस्तरासाठीही वापरतात. त्यानंतर तिचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग पिशवीत सोडला. त्याला पीआरपी म्हणतात. या प्रत्येकाचे बिल वेगळे. ५.९ झाल्यावर दोन भ्रूण सोडले, ते रुजले नाहीत. पुढच्या खेपेला अस्तर पुन्हा ५.६ वर आले.

मी डॉक्टर नाही, पण पुरावा म्हणजे काय ते मला कळते. पीआरपी आणि सिल्डेनाफिल यांचा काही बायकांना उपयोग झाल्याचे लहान लहान अभ्यास आहेत, ठाम सांगता येईल असा मोठा पुरावा अद्याप नाही. युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली अशा जोड-उपचारांचा आढावा घेतला आणि त्यातले बहुतेक सरसकट देऊ नयेत असेच सांगितले. प्रयोग म्हणून, सगळे समजावून आणि बाईच्या संमतीने ते करायला हरकत नसावी. खात्रीचा इलाज म्हणून खलाशाच्या बायकोच्या गळ्यात मारणे ही वेगळी गोष्ट आहे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न त्या फाईलमध्ये कोणी विचारलाच नव्हता. अस्तर पातळ झाले कशाने?

मी तिलाच विचारले, आधी कधी दिवस गेले होते का? गेले होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये पिशवी साफ केली. रक्त थांबेना म्हणून आठ दिवसांनी पुन्हा साफ केली. तेव्हापासून पाळी दीड दिवसावर आली. हे तिने मला, एका परक्या पुरुषाला, पाच मिनिटांत सांगितले. दोन वर्षांच्या फाईलमध्ये त्याची एक ओळ नव्हती.

आपल्याकडे 'पिशवी साफ करणे' हा शब्द भांडी घासण्याइतका सहज वापरतात. धातूच्या धारदार चमच्यासारख्या हत्याराने आतला थर खरवडतात, त्याला क्युरेटिंग म्हणतात. जरा खोल खरवडले, किंवा खरवडलेल्या जागी जंतूंचा संसर्ग झाला, तर अस्तर ज्या मुळापासून पुन्हा वाढते ते मूळच जखमी होते आणि पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. जोसेफ आशरमन या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली याचे सविस्तर वर्णन केले आणि त्याच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वीपासून ही गोष्ट वैद्यकाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने धारदार खरवडण्याची पद्धत सोडून द्या, हाताने चालणाऱ्या पंपाने किंवा गोळ्यांनी पिशवी रिकामी करा, असे स्पष्ट सांगितलेले आहे. तो पंप स्वस्त आहे, त्याला विजेचीही गरज नाही. तरीही गरीब बाईच्या वाट्याला चमचाच येतो.

दुसरे कारण क्षयरोग. टीबी म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. पण फुप्फुसातला जंतू रक्तावाटे गर्भनलिकांमध्ये आणि तेथून पिशवीच्या अस्तरात उतरतो. खोकला नाही, ताप नाही, बाईला पत्ताही लागत नाही. पाळी कमी होते, मूल राहत नाही, एवढेच. आपल्या देशात मूल न होण्याच्या मोठ्या कारणांत हा पिशवीचा टीबी येतो. युरोप-अमेरिकेत तो क्वचित दिसतो. टीबी कोठे वाढतो हे या वर्तमानपत्राच्या वाचकाला मी सांगायला नको. एका खोलीत आठ माणसे, खिडकी नाही, पोटाला पुरेसे नाही, अशा ठिकाणी तो वाढतो. आपल्या वस्त्यांचा तो जुना भाडेकरू आहे.

या बाईच्या माहेरी भावाला टीबी झालेला होता. तरी तपासणी नव्हती. एक कागद होता, पण त्यात अस्तराचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवल्याचे लिहिले होते. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहायला ते ठीक आहे, पण जंतू वाढवून पाहायचे असतील तर तुकडा साध्या सलाईनच्या पाण्यातून न्यावा लागतो. ही एवढीशी गोष्ट, पण तिच्यावाचून तपासणी अर्धीच राहते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पीसीआर नावाची एकच चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच सहा महिन्यांची औषधे सुरू करणारेही आहेत. एकट्या त्या चाचणीवर विसंबू नये, असेच जाणकार सांगतात. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते महिना एक हजार रुपये झाले. लाखभर रुपयांची इंजेक्शने देण्यापूर्वी या मोफत दारात पाठवायला काय हरकत होती?

आता कायद्याचे बोलतो, कारण तो माझा धंदा आहे. सहाय्यक जननतंत्राचे नियमन करणारा कायदा संसदेने २०२१ साली केला आणि २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी तीन दशके हा धंदा कायद्याविना चालला. या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे केंद्राने जोडप्याला समुपदेशन द्यायचे आहे. त्यात यशाची शक्यता किती, फायदे-तोटे काय, खर्च किती, शरीरावर परिणाम काय, हे सगळे सांगायचे आहे. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असला पाहिजे. नोंदणीशिवाय केंद्र चालवता येत नाही. कलम २२ प्रमाणे लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाही. करंजाच्या फाईलमध्ये संमतीपत्रे होती. सगळी इंग्रजीत. तिची सही चौदा ठिकाणी होती, मराठीत, शाळेत शिकवली तशी गोल गोल अक्षरांत. कशावर सही केली असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर बोट ठेवत होती, मी सही करत होते."

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात संमती म्हणजे काय ते सांगून ठेवले आहे. त्या बाईने दुर्बिणीने तपासणीला संमती दिली होती आणि ती बेशुद्ध असताना तिचे गर्भाशय आणि बीजकोष काढून टाकले गेले. न्यायालयाने म्हटले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि संमती खरी ठरायला रुग्णाला पुरेशी माहिती द्यावी लागते. रुग्णाने आपले कागद मागितले तर डॉक्टरने ७२ तासांत द्यायचे, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. पैसे घेऊन दिलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे १९९५ च्या शांता निकालापासून ठरलेले आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. हे सारे आपल्या लोकांना माहीत नाही. माहीत असते तर निदान संमतीपत्र मराठीत द्या, एवढे तरी त्या बाईने म्हटले असते.

या कायद्यात एक मोठी उणीव आहे. खर्च सांगा असे तो म्हणतो, खर्च किती घ्यावा यावर काही बोलत नाही. आणि सरकारने हा उपचार गरिबाला द्यावा असे तर तो कोठेच म्हणत नाही. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. सरकारच्या लेखी मूल न होणे हा आजारच नाही, ती चैनीची बाब आहे.

ज्यांना ती चैन वाटते त्यांनी जरा इतिहास पाहावा. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत टेस्ट ट्यूब पद्धतीने एक मुलगी जन्माला आली. शास्त्रीय कागदपत्रांसह नोंदलेला हा देशातला पहिला जन्म. कोठे झाला? कोणत्याही पंचतारांकित इस्पितळात झाला नाही. परळच्या केईएममध्ये, मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्याच परळातल्या सरकारी प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी मिळून ते काम केले. ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे काढली, त्याच गिरणगावात, करदात्यांच्या पैशाने हे शास्त्र या देशात उभे राहिले. सरकारी दवाखान्यात जन्मलेले शास्त्र नंतर खाजगी दुकानांत गेले आणि आज एका खेपेला दीड-दोन लाख मोजल्याशिवाय ते दुकानाबाहेर येत नाही. बहुजनांच्या पैशाने धरण बांधायचे आणि पाणी वरच्यांच्या शेताला, तसलाच हा प्रकार.

अगदीच काही होत नाही असेही नाही. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने बांबोळीला २०२३ साली हा उपचार मोफत सुरू केला. मुंबईत कामा रुग्णालयात २०२४ मध्ये असे केंद्र सुरू झाले. चांगली गोष्ट आहे. पण करंजाहून मुंबई गाठणे म्हणजे काय ते पाहा. उरणपर्यंत लोकल आली ती जानेवारी २०२४ मध्ये. उपचाराच्या काळात सोनोग्राफीसाठी एक दिवसाआड जावे लागते. बाजारातली पाटी बंद, दिवसाची कमाई गेली, नवरा समुद्रात. अस्तर वाढले की नाही हे पाहायची सोनोग्राफी, टीबीची तपासणी, दुर्बिणीतून पिशवी पाहणे, ही कामे जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात झाली पाहिजेत. भ्रूण बनवायची प्रयोगशाळा प्रत्येक तालुक्याला द्या असे मी म्हणत नाही. पण विभागाला एक सरकारी केंद्र आणि तालुक्याला तपासणी, एवढी मागणी अवास्तव नाही.

माझा एक कार्यकर्ता मित्र यावर चिडतो. तो म्हणतो, "वकीलसाहेब, इथे बाळंतपणाला रुग्णवाहिका मिळत नाही आणि तुम्ही टेस्ट ट्यूब मागता?" त्याचे म्हणणे खोटे नाही. मीही आधी सुरक्षित गर्भपात आणि टीबीची वेळेवर तपासणी मागेन, कारण ते मिळाले तर कित्येक बायकांची अस्तरे पातळ व्हायचीच नाहीत. पण ज्यांचे नुकसान व्यवस्थेने करून ठेवले आहे त्यांना तुम्ही चैन करता असे सांगायचा अधिकार त्याच व्यवस्थेला नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दंड नको, डॉक्टरला धंदा हवा. गरीब बाईची पिशवी नको असेल तेव्हा काढून टाकायला सगळे तयार, आणि तिच्यात मूल हवे असेल तेव्हा पाच लाख आणा. हे एकाच नाण्याचे दोन छाप आहेत.

सरोगसीबद्दल दोन शब्द. २०२२ च्या सरोगसी नियमांतल्या चौदाव्या नियमात, कोणत्या बाईला सरोगसी घेता येईल त्या कारणांमध्ये पातळ अस्तर हे कारण चक्क नाव घेऊन लिहिलेले आहे. म्हणजे त्या डॉक्टरने शेवटच्या पानावर लिहिले ते बेकायदेशीर नव्हते. पण कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद आहे. पंचवीस ते पस्तीस वयाची, लग्न झालेली, स्वतःचे मूल असलेली बाई स्वेच्छेने तयार पाहिजे. तिचा छत्तीस महिन्यांचा विमा काढायचा, मॅजिस्ट्रेटकडून हुकूम आणायचा. करंजाच्या घरात अशी एकच बाई होती, नवरा वारलेली जाऊबाई. ती 'स्वेच्छेने' तयार होईल, असे सासू म्हणाली. परावलंबी विधवेची स्वेच्छा घरातल्या लोकांनी जाहीर करायची, याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. मी त्या वाटेने जाऊ नका असे स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या लग्नाबद्दलही सांगितले. मूल होत नाही हे घटस्फोटाचे कारण कायद्यात नाही. पहिली असताना दुसरी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि मूल नाही म्हणून बाईला टोमणे मारणे, अपमान करणे, हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये हिंसाचार म्हणूनच लिहिलेला आहे. वांझ हा शब्द आता नुसती शिवी राहिलेला नाही, तो पुरावा आहे.

ते कुटुंब कोळी समाजाचे. आमचे बौद्ध वाचक मनात म्हणतील, त्यांच्यात असते तसे. मी तीन वर्षांत आमच्याच समाजातली अशी चार प्रकरणे हाताळली आहेत. बुद्धवंदना घेणारी घरे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि सुनेला अंगारा आणायला पाठवलेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडल्याचे आपण म्हटले आहे. पिंड द्यायचाच नाही तर तो देणारा पोरगा कशाला हवा? मूल हवे असणे ही सुंदर इच्छा आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. वंशाच्या दिव्याची भीती ही मात्र मनुस्मृतीची उधारी आहे, आणि ती आपण अजून फेडतो आहोत. महाप्रजापती गौतमीने सिद्धार्थाला वाढवले. सावित्रीमाईंना मूल झाले नाही. दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांनी साफ धुडकावला आणि त्या दोघांनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढवला. दत्तक कायदा १९५६ साली आला, तो बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात मुलगी दत्तक घेता येते. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले त्यात हाही मुद्दा होता. आपण त्या कायद्याचा किती उपयोग केला?

आणखी एक. आपल्याकडे मूल होत नाही म्हटले की आधी बाईच्या पिशवीत दुर्बीण जाते. पुरुषाच्या वीर्याची तपासणी साधी, स्वस्त, न दुखणारी. ती शेवटी होते, किंवा होतच नाही. करंजाच्या फाईलमध्ये ती होती, एवढे श्रेय त्या केंद्राला दिलेच पाहिजे. मी पाहिलेल्या आमच्या समाजाच्या चारपैकी तीन प्रकरणांत नव्हती.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. बाळंतपणाचा भार बाईने एकटीने सोसू नये, त्यात सरकारचाही वाटा असावा, हा त्यांचा आग्रह होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी त्यांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. मूल कधी, किती आणि हवे की नको हे बाईने ठरवावे आणि त्याचा भार समाजाने उचलावा, अशी ही दोन्ही टोके बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वीच धरली होती. आपण त्यातले एक टोक कुटुंब नियोजनाच्या सरकारी भिंतींवर सोडून दिले आणि दुसरे खाजगी दवाखान्यांच्या होर्डिंगवर. पनवेलहून उरणकडे जाताना ती होर्डिंगे मोजून पाहा. गोरेगोमटे बाळ, खाली फोन नंबर, आणि सुलभ हप्त्यांची सोय.

करंजाच्या जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज मी लिहिला नाही. त्याऐवजी केंद्राकडे दोन अर्ज दिले. एक, सर्व कागदपत्रे आणि खर्चाचा तपशील मिळावा म्हणून. दुसरा, गोठवलेल्या उरलेल्या तीन भ्रूणांचा ताबा आणि मुदत लेखी कळवावी म्हणून. कायद्याप्रमाणे भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, पण केंद्र दर वर्षी भाडे घेते आणि ते थकले तर काय होईल हे तिला कोणी सांगितले नव्हते. बाईला मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात पाठवले. तेथे दुर्बिणीतून पाहिले तेव्हा पिशवीच्या भिंती दोन ठिकाणी चिकटलेल्या निघाल्या. टीबी निघाला नाही. चिकटलेला भाग मोकळा केला, नंतर काही महिने इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. त्या सगळ्याचा खर्च जाण्या-येण्याच्या भाड्यासकट अकरा हजारांच्या आत आला.

परवा ती उरणच्या बाजारात भेटली. अस्तर आता ६.८ आहे म्हणाली. डॉक्टरीण बाईंनी सांगितले की सातची वाट बघत बसायची गरज नाही, पुढच्या महिन्यात एकच भ्रूण सोडून पाहू. राहील की नाही ते त्यांनी सांगितले नाही, आणि हेच तिला आवडले होते. पाळी तीन दिवसांवर आली होती. सासू अजून बोलत नाही. नवरा ट्रॉलरवर गेलेला होता. मी पैसे काढले तर तिने घेतले नाहीत, बोंबील कागदात बांधून दिले आणि विचारले, "दादा, त्या केंद्राचं उत्तर आलं का?"

आलेले नाही. साडेतीन महिने झाले. आता ग्राहक आयोगाचे कागद तयार करतो आहे.